ताईने पुसलेली बोटे

मंगळवार, रात्र.

रविवारचा प्रसंग इतका किरकोळ आहे की तो लिहून ठेवावा का, असाच प्रश्न पडावा. पण दोन रात्री तो डोक्यातून जात नाही, तेव्हा लिहून टाकलेलेच बरे. ताईने बाहुली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, कोटाचे अस्तर नखाने वर करून आतली शिवण तपासली (ती हे करणारच, हे ठाऊक असल्यामुळे आतली शिवण मी दोनदा उसवून पुन्हा घातली होती), मग कॉलरजवळचे बटण चिमटीत धरून तिने विचारले, "ही बटणे कशाची गं? हस्तिदंती दिसतात." मी म्हटले, दात आहेत, माझ्या धाकटीचे, दुधाचे. ताई हसली. "कमाल आहे तुझी," असेही म्हणाली. बाहुली तिने अगदी जपून टेबलावर ठेवली, आणि मग मांडीवरच्या रुमालाला ती दोन बोटे पुसली.

एवढेच झाले. तिने "शी" म्हटले असते, तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. भांडणाची तयारी मी केव्हाच करून ठेवली होती. पण पुसलेल्या बोटांशी वाद कसा घालायचा? ताईला स्वतःलाही आठवत नसेल की तिने बोटे पुसली. आणि नेमके हेच मला अधिक लागले आहे, कारण ठरवून केलेला अपमान परत करता येतो, नकळत झालेला मात्र नुसता सोसावा लागतो.

तयार ठेवलेली उत्तरे आता वाया जातील, म्हणून निदान इथे मांडते. 1847 साली स्कॉटलंडमध्ये प्रिन्स अल्बर्टने आपल्या थोरल्या मुलीचा पहिला दुधाचा दात स्वतः काढला, तेव्हा व्हिक्टोरिया राणीने तो सोन्याच्या आणि मिन्याच्या एका ब्रोचमध्ये बसवून घेतला. थिसलचे काटेरी झुडूप आहे, हिरवे देठ आहेत, आणि फुलाच्या जागी सहा-सात वर्षांच्या पोरीचा दात आहे. दात कोणी आणि केव्हा काढला, हेही त्यावर कोरलेले आहे. तो ब्रोच आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. तो पाहून दरबारातल्या किती बायकांनी बोटे पुसली, याची नोंद अर्थातच कोणी ठेवलेली नाही, आणि राणीसमोर कोण पुसणार म्हणा.

दुसरे उत्तर माझ्या मते अधिक वजनाचे होते. मेरेट ओपनहाइम या कलावतीने 1936 साली कप, बशी आणि चमचा यांना केसाळ कातडे चढवले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो कप आहे. त्याचे छायाचित्र पाहिले, तरी जिभेवर केस आल्यासारखे वाटते. म्हणजे अंगावर शहारा आणणे हेच ज्याचे काम आहे, अशी वस्तूही कलेत मानाने बसते. मात्र हे उत्तर मनात घोळवताना माझ्या लक्षात आले की मला शहारा आणायचाच नव्हता. मला त्या कोटाचे कौतुक हवे होते. ओपनहाइमच्या पाठीमागे लपण्याचा मला काही अधिकार नाही.

कोटावर माझे सात आठवडे गेले. एकास सहा प्रमाणाच्या बाहुलीसाठी, म्हणजे बार्बीच्या त्या साडेअकरा इंचांच्या प्रसिद्ध मापासाठी, शिवणे म्हणजे मोठे कपडे लहान करणे, असे सगळ्यांना वाटते. मलाही पहिली दोन वर्षे तसेच वाटत होते. पण कापड लहान होत नाही. माणसाच्या कोटाला दीड सेंटिमीटरची दुमड ठेवतो, ती इथे अडीच मिलिमीटर व्हायला हवी, आणि अडीच मिलिमीटरवर लोकरीचा दोरा सुटून हातात येतो. कापडाचा ताठपणा होता तेवढाच राहतो, त्याला खाली ओढणारे वजन मात्र उरत नाही, त्यामुळे घेर अंगावर पडण्याऐवजी घंटेसारखा उभा राहतो, आणि मग दुमडीत बारीक मणी शिवून त्याला खाली आणावे लागते. 1959 साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी आली, तेव्हा तिचे कपडे शार्लट जॉन्सन या बाईंनी आखले होते, आणि तिला याच अडचणी सोडवाव्या लागल्या असणार. नंतर ऑस्कर दे ला रेंटासारख्या नामवंत वेशकारांनी बार्बीला सजवले, त्याचा बोलबाला फार होतो. मला मात्र पहिली काजे जिने आखली, तिच्याविषयी अधिक आपुलकी वाटते.

दातांचे काम तर निराळेच. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ उरलेले नसते. खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी शरीरच ते विरघळवून टाकते, म्हणून पडलेला दात खालून पोकळ आणि कडेला करवतीसारखा खरखरीत असतो. त्यावरचे कवच पक्क्या दाताच्या निम्म्याच जाडीचे असते, त्यामुळे आरपार भोक पाडायला गेले की तडा जातो. मी पोकळीत रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारी कृत्रिम राळ, भरले आणि त्यात तारेची बारीक कडी रोवली. कडा घासताना दात पाण्याखालीच धरावा लागतो, नाहीतर तापतो, आणि तापला की केस जळल्याचा वास येतो. त्या वासाने धाकटी खोलीत आली होती. "हे माझे आहेत ना?" एवढेच तिने विचारले. मी हो म्हटले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. त्याविषयी नंतर केव्हातरी लिहीन.

आज दुपारी मात्र मला एक गोष्ट दिसली. कोट पुन्हा खिडकीशी धरून पाहत होते. वरच्या पटाशीचा मधला दुधाचा दात साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. बाहुलीच्या मापात त्याला सहाने गुणले, तर जवळजवळ चार सेंटिमीटरचे बटण झाले. मुठीत मावणार नाही, असे नव्हे, पण कोटाला शोभणारही नाही. त्या अख्ख्या बाहुलीवर जे काही आहे, कॉलर, खिसे, काजे, बुटांच्या नाड्या, ते सगळे खोट्या मापाचे आहे. खऱ्या मापाची वस्तू एकच, ती म्हणजे दात. सात आठवडे मी बघणाऱ्याला विसरायला लावण्याची खटपट केली की ही बाहुली आहे, आणि शेवटी समोरच्या बाजूला खऱ्या माणसाचा खरा तुकडा ओळीने टाकून दिला.

याच ओघात पॅरिसच्या त्या प्रदर्शनाची आठवण झाली. 1945 च्या मार्चमध्ये, कापडाची टंचाई असताना, बालेन्सियागा, लाँव्हँ, नीना रिची यांच्यासारख्या फॅशनघरांनी आपली नवी वस्त्रे सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्यांवर चढवून मांडली. थिएत्र द ला मोद असे त्याचे नाव. त्या बाहुल्यांचे अंग एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने तारेचे ठरवले. वर प्लास्टरचे डोके, आणि हातपाय म्हणजे हवेत ओढलेल्या रेषा. पुढे ते प्रदर्शन अमेरिकेत गेले, तिथून बाहुल्यांच्या अंगावरचे दागिने परतले आणि बाहुल्या तिकडेच राहिल्या. आज त्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. मी त्या तारेकडे नेहमी काटकसर म्हणूनच पाहत आले. आज वाटले, की त्या बाईला अधिक कळत होते. अंगच नको, म्हणजे नजर कापडावरून घसरणार नाही. मी उलटे केले आणि वर ताईने शिवणीचे कौतुक करावे म्हणून रुसून बसले.

रुसणे तरी किती? काल रात्री मी स्वतःला पार अज्ञात थोरांच्या रांगेत नेऊन बसवले होते. माझी कला कोणाला कळत नाही, घरच्यांना तर मुळीच नाही, ज्या बहिणीने मला पहिली सुई धरायला शिकवली, तिलाच माझ्या हातची वस्तू किळसवाणी वाटावी, वगैरे वगैरे. दीड वाजेपर्यंत हे चालले. आज त्यातली एक अडचण लक्षात आली. पहिला दात घासून झाला, तेव्हा मी साबणाने हात धुतले होते. दोनदा. आणि नंतर तिसऱ्यांदा, वास जात नाही म्हणून. ते हात धुणे मी कामाचा भाग समजले. ताईचे बोटे पुसणे मात्र कलेचा अपमान.

आता जे लिहायचे आहे, ते मी रविवारपासून टाळते आहे. कोटाला बटणे पाच आहेत आणि दात चार. पाचवा होता, पण कडी रोवताना त्याचे दोन तुकडे झाले. त्याच्या जागी मी शिंपल्याचे बटण घासून, एका बाजूला किंचित पोकळ करून, चहाच्या पाण्यात रंगवून बसवले. इतके जमले की दिवसाच्या उजेडातही मला वाकून पाहावे लागते. ते बटण कॉलरजवळचे आहे. ताईने चिमटीत धरले होते ते तेच. बाकीच्या चारांना तिचे बोट लागलेही नाही.

फोन करून हे तिला सांगावे, असे संध्याकाळपासून तीनदा मनात आले. सांगितले, तर ती मोकळेपणाने हसेल, आणि मग मला तिला सांगावे लागेल की तिने बोटे पुसलेली मी पाहिली होती. शिवाय शिंपलाही कोणाच्या तरी अंगावरचाच, हे मी बोलल्याशिवाय राहणार नाही, आणि मग ती तिच्या सगळ्या ब्लाउजांची बटणे आठवत बसेल. फोन अजून केलेला नाही. कोट घडी घालून डबीत ठेवला आहे. धाकटीला विचारून झाल्यावर पुन्हा बाहेर काढीन.