जास्तीचे पार्ट आज वाटले
जुन्या सायकलींचे जास्तीचे पार्ट आज वाटून टाकले. नेलेत त्यांनी बसवण्याआधी मोजा. रॅले सायकलच्या बॉटम ब्रॅकेट कपाला (पॅडलचा आस ज्यात फिरतो ती, फ्रेममध्ये पिळून बसवायची वाटी) इंचाला 26 आटे, बाकी बहुतेक ब्रिटिश फ्रेमना 24. दिसायला सारखेच; जबरदस्तीने पिळलंत तर फ्रेमचे आटे जातात. 40 आऱ्यांचा हब (चाकाचा मधला भाग) 36 भोकांच्या रिमला चालत नाही, हे दर वेळी सांगावं लागतं!

स्टर्मी-आर्चर कंपनीचा डायनोहब (दिव्यासाठी वीज तयार करणारा हब) मात्र उगाच खोलू नका. चुंबक आर्मेचरवरून (तारेच्या वेटोळ्याच्या भागावरून) सरकताना सोबतच लोखंडी कडं बसवलं नाही, तर चुंबकाचा जोर उतरतो आणि दिवा नुसता मिणमिणतो.

जुन्या कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, आसाला घट्ट धरणाऱ्या खिळी) मुद्दाम दिल्या नाहीत. दबलेली पिन पुन्हा ठोकली की क्रँक डुगडुगते. नव्या दोन घ्या, ब्रिटिश क्रँकला बहुधा 9.5 मिमीच्या.