न निघणाऱ्या चित्रपटांविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

"तुमच्या त्या पटकथांचा चित्रपट कधी निघणार?" हा प्रश्न विचारणारे लोक माझे वाईट चिंतणारे नाहीत, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या एका लघुपटकथा स्पर्धेसाठी मी फी भरून इंग्रजीत लिहिते, त्यामुळे त्यामागून येणारे प्रश्नही ठरलेले असतात. इंग्रजीत कशाला, मराठीत का नाही? अमेरिकेतल्या परीक्षकांनी आपले लिखाण वाचावे म्हणून आपणच पैसे भरायचे, हा उलटा व्यवहार कसला? आणि लिहायचेच असेल तर एकांकिका लिही, आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिरात निदान आम्ही बघायला तरी येऊ. आजवर मी हसून विषय बदलत आले. अलीकडे हाच प्रश्न माझ्या वडिलांसमोर विचारला गेला आणि "ती लिहिते, बस," एवढे बोलून नानांनी तो परस्पर मिटवला. माझ्या वतीने त्यांना बोलावे लागले हे मला लागले, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

चित्रपट निघणार नाही. तो निघावा म्हणून मी लिहीतही नाही.

ज्यांना स्पर्धेची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ११.५९ होतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९.२९ झालेले असतात (तिकडची घड्याळे हिवाळ्यासाठी मागे गेली की १०.२९), आणि त्या मिनिटाला आपल्या गटातल्या सगळ्या स्पर्धकांना एक कथाप्रकार, एक विषय आणि एक पात्र नेमून दिले जाते. पहिल्या फेरीत आठ दिवस आणि जास्तीत जास्त १२ पाने, दुसरीत तीन दिवस आणि ८ पाने, अखेरच्या फेरीत २४ तास आणि ५ पाने. पटकथेचे एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचे एक मिनिट. पानावर आपले नाव घालायचे नाही. सर्वांत जाचक नियम मात्र स्पर्धेचा नसून पटकथेचाच आहे: जे दिसते आणि जे ऐकू येते तेवढेच लिहायचे. "त्याला वाईट वाटले" असे लिहिण्याची सोय नाही.

नाटक-एकांकिकांबद्दल मला आकस नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी स्मृतिमंदिरात असते तेव्हा मी आवर्जून जाते. परंतु एकांकिकेला तालमीची जागा लागते, संध्याकाळी सात ते दहा मोकळी असणारी आठ-दहा माणसे लागतात, आणि त्या माणसांत लेखिकेनेही असावे अशी अपेक्षा असते. सात ते दहा मी काय करत असते हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत आहे, कारण त्यांचीच विवरणपत्रे मी त्या वेळात भरत असते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांचे जीएसटीचे काम माझ्याकडे आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१ या विवरणपत्राची मुदत, २० तारखेला ३बी या दुसऱ्याची. त्यामुळे आमच्या घरात तारखेला जो मान आहे तो माणसाला नाही. "मला लिहायचे आहे" असे म्हटले की सासूबाई "लिही की" म्हणतात आणि पाचव्या मिनिटाला कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेवायला सांगतात. "सोमवारी सकाळी साडेनऊला मुदत संपते" असे म्हटले की त्याच सासूबाई खोलीचे दार ओढून घेतात आणि बाहेर मुलांना दटावतात. ज्याला तुम्ही उलटा व्यवहार म्हणता त्यात मी ती मुदत विकत घेते, आणि तो सौदा मला महाग वाटत नाही.

इंग्रजीचे म्हणाल, तर स्पर्धा इंग्रजीत आहे, एवढेच. माझे इंग्रजी वाणिज्य शाखेचे आहे, आणि पटकथेच्या छोट्या वाक्यांना ते पुरते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कामापुरती कानडी, असे सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला आणखी एका भाषेचे काही वाटत नाही.

पूर्वी मी याहून गुळगुळीत उत्तर देत असे: सराव होतो, शिस्त लागते. ते म्हणणाऱ्या त्या मुलीला आता विचारावेसे वाटते की, बाई, सराव कशाचा? ज्याची परीक्षा कधीच द्यायची नाही त्याचा? तिच्याकडे याला उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही फारसे नाही. पण तिने एक गोष्ट लपवली होती, आणि तुमच्या प्रश्नाने मला चीड येते ती त्या गोष्टीमुळे.

तीन दिवसांच्या एका फेरीत आमच्या गटाला आलेला कथाप्रकार होता विनोदी. विषय, निरोप समारंभ. पात्र, मालाची तपासणी करणारा माणूस. ते तीन शब्द वाचताक्षणी मला नानांचे माग भंगारात गेले तो दिवस आठवला. जकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी उमटणाऱ्या चादरीचे माग होते. नव्या, वेगवान रॅपिअर मागांपुढे टिकाव लागेना, कामगार मिळेनात, माझ्या भावाने, अण्णाने, बाहेर नोकरी धरली, आणि शेवटी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मागाची चौकट बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बीड वाकत नाही. नेमक्या जागी घण बसला तर एका घावात तडकते, नाहीतर मारणाऱ्याचे हात झिणझिणतात आणि चौकट तशीच उभी राहते. भंगारवाल्याची पोरे नवखी होती आणि दिसेल तेथे घण घालत होती. नाना थोडा वेळ बघत राहिले, मग उठले, बीमच्या (ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या) नोंदीसाठी ठेवलेला खडू कोनाड्यातून काढला आणि प्रत्येक मागावर फुल्या मारून दिल्या. येथे मारा.

पटकथेत मी तोच माणूस घेतला आणि पुढे नेला. खुणा करून दिल्यावर तो फोडलेल्या तुकड्यांची तपासणी करू लागतो, आणि चादरीला डाग निघाला की विणकराचे पैसे कापावेत तसे वाकड्या फुटलेल्या तुकड्यासाठी घणवाल्या पोरांचे पैसे कापतो. भंगारवाला वैतागतो, पोरे कामात सफाई आणू लागतात, आणि शेवटचा माग इतका सुबक फुटतो की सगळे मिळून टाळ्या वाजवतात. ती पटकथा पुढच्या फेरीत गेली. एका परीक्षकाला पैसे कापण्याची गंमत फार आवडली. दुसऱ्याने लिहिले की, कोणी स्वतःचे यंत्र फोडायला मदत करील हे पटत नाही. त्या आठ पानांत न रचलेली गोष्ट तेवढी एकच होती.

नानांना कोठून तरी कळले आणि त्यांनी ती ऐकवायला सांगितली. मी घरच्या तेलुगूत सांगत गेले. अण्णा मोबाइल बघत असल्यासारखा बसला होता. नानांनी मला मध्येच थांबवले. मोटार आधी उतरवतात, तांब्याचा भाव वेगळा आणि बिडाचा वेगळा, तू सगळे एकाच काट्यावर घातलेस, असा कोण मूर्ख विकेल, असे म्हणाले. मी ते लिहून घेतले. पैसे कापण्यावर ते हसले, अगदी मोकळे हसले, हे अण्णालाही नाकारता येणार नाही. शेवट ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि तू कुठं होतीस?"

त्या दिवशी मी शेडमध्येच होते. रिकाम्या बीमवर वही घेऊन बसले होते आणि भंगारवाला सांगेल ते वजन लिहीत होते. पटकथेत मुलगी नाही. "आठ पानांत मावत नव्हतं," असे मी म्हणाले. नाना "हं" म्हणाले. अण्णाने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "बापाचं हसं करून परदेशात पाठवलंस, आणि स्वतः तेवढी बाजूला."

अण्णाशी तो वाद अजून चालू आहे. विनोद मी निवडला नव्हता, तो वाट्याला आला. निवड माझी असती तर मी थांबलेला खडखडाट, अंधारी शेड आणि खांबाला टेकलेला म्हातारा बाप लिहिला असता, जे सोलापुरात प्रत्येकाने कधी ना कधी लिहिले आहे, आणि खडू मला आठवला नसता. नेमून दिलेल्या प्रकाराने मला त्या दिवसाकडे बघायला लावले. मनाने मी तिकडे फिरकले नसते. एवढे मी छातीठोकपणे सांगते. मुलगी वगळण्याची सक्ती मात्र कोणी केली नव्हती, आणि त्याच आठ पानांत चहा आणणारा पोऱ्या मावला होता, हेही खरे आहे. यावर माझे म्हणणे असे की, हिशेब लिहिणारी मुलगी आली की तपासणारे दोघे होतात आणि विनोद पातळ होतो. अण्णाचे म्हणणे असे की, हे मी नंतर शोधून काढलेले कारण आहे.

मध्यंतरी एका महाविद्यालयीन मुलाने ही पटकथा चित्रित करायला मागितली. फोडायला माग कोठून आणणार, असे मी विचारले. भंगारातून, असे तो म्हणाला. मग मी त्याला बिडाचा किलोचा भाव सांगितला, आणि माग एकदाच फुटतो, दुसरा टेक मिळत नाही, हेही सांगितले. तो पुन्हा आला नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचे एक व्यावहारिक उत्तर हेही आहे.

मुदतीशिवाय लिहिलेस तर याहून चांगले लिहिशील, असे तुमच्यापैकी काही जण म्हणतात. तेही करून पाहिले आहे. त्या दिवसाचा दुसरा मसुदा माझ्याकडे आहे: मुलगी त्यात आहे, मोटार आधी उतरते, पाने हवी तेवढी आहेत, आणि कोठेही पाठवायचा नसल्यामुळे तो कधी पूर्ण होत नाही. तो पहिल्याइतका चांगला नाही. घड्याळ नव्हते म्हणून, की मुलगी आली म्हणून, हे मला ठरवता आलेले नाही, आणि अण्णाला तो मी अजून दाखवलेला नाही.