घर फिरते की तू?

मागच्या मे महिन्यात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोघींना चक्कर आली, आधी मला मग आईला, अन् दोन्ही वेळा सगळ्यांचं निदान एकच, ऊन लागलं. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास, कूलरही गरम हवा फेकून राहिला होता, दुसरं काय सुचणार.

माझं खरंच उन्हाचं होतं. बर्डीच्या बाजारात भर दुपारी उभी, पोटात सकाळचा चहा तेवढा. आधी कानात दडे बसल्यासारखं झालं, मग थंड घाम, अन् डोळ्यापुढे अंधारी. एका दुकानातल्या दादाने खाली बसवलं, तोंडावरचा दुपट्टा सोडायला लावला, थोड्या वेळात ठीक. उन्हात उभं राहून रक्त पायाकडे उतरते, बीपी पडतो, डोक्याला कमी पोचते, एवढंच.

आईचं मात्र पहाटे, अंथरुणात, उजव्या कुशीवर वळली की. "अवं, भिंती फिरून राहिल्या!" आम्ही पन्हं पाजलं, मीठसाखरेचं पाणी पाजलं, कांदा तेवढा खिशात ठेवायचा राहिला होता (गाउनला खिसा नाही म्हणून). तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे.

त्यांनी बीपी बघायच्या आधी विचारलं, "काकू, चक्कर म्हणजे नेमकं काय होते? घर फिरते की डोळ्यापुढे काळं होते?"

आई म्हणे, "अंधारी नाही जी. भोवळ. घर फिरते."

मी बघतच राहिले. मी सगळ्याला चक्करच म्हणते, फार तर डोकं हलकं वाटते म्हणते. तिच्याकडे अंधारी वेगळी, भोवळ वेगळी, अन् झीट म्हणजे माणूस धाडकन आडवाच. मूर्च्छा आमच्याकडे फक्त लक्ष्मणाला येते.

तर निघालं कानाचं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागचे सुटून तिथल्या नळीत शिरले की नुसती मान वळवली तरी मेंदूला वाटते आपण गरगर फिरून राहिलो. बीपीपीव्ही म्हणतात. गोळी नाही काही नाही, डॉक्टरने टेबलावर झोपवून डोकं मागे लोंबतं ठेवलं, मग दुसरीकडे वळवलं, मग कुशीवर, दर वेळी अर्धा-एक मिनिट थांबून. आईने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले.

आता ती एक्सपर्ट झाली आहे. परवा वर्ध्याच्या मावशीचा फोन, चक्कर येऊन राहिली म्हणे. आईने लगेच विचारलं, "घर फिरते की तू?"

"मी काऊन फिरीन बाई, मी तर पलंगावर आहे!"