खाऊची पिशवी

काल दुपारी शेजारच्या काकू लेहला न्यायच्या खाऊची यादी दाखवायला आल्या. मेतकूट, भडंग, गुळपापडीच्या वड्या, इथवर ठीक. पण थालीपिठाची भाजणी? "तिथे थापणार कुठे?" म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, कोणीतरी गॅस देतंच." वर "तिकडचं सोसलं नाही म्हणजे?" हे होतंच. या प्रश्नापुढे कुणाचं काही चालत नाही.

मी पिशवी न नेणाऱ्यांतली. समोर आलेलं एकदा तरी तोंडात घालायचंच, हा माझा हट्ट. घरचे त्याला हावरटपणा म्हणतात, म्हणोत.

लेहजवळच्या एका गावात उतरलो होतो. घरातल्या आजींनी नावगाव विचारायच्या आधीच बुटक्या नक्षीदार मेजावर कप ठेवला. गुरगुर चहा. खूप वेळ उकळलेला चहा, मीठ आणि लोणी, सगळं उंच लाकडी नळकांड्यात घुसळलेलं. नळकांडं कोपऱ्यात उभं होतं खरं, पण आजींनी सरळ मिक्सर फिरवला. पहिल्या घोटाला जीभ गांगरते. चहा म्हटल्यावर ती साखरेची वाट बघत असते आणि येतं मीठ. दुसऱ्या घोटानंतर लक्षात आलं, साडेतीन हजार मीटरवरच्या कोरड्या हवेने फुटलेले ओठ लोण्याने मऊ झालेत. तिसऱ्याला मी चहाच्या बाजूने.

अडचण वेगळीच होती. घोटभर प्यायला की कप पुन्हा काठोकाठ. मी आपली पाहुणचाराचा मान राखायला पिते आहे आणि त्या भरताहेत. शेवटी ड्रायव्हरने सांगितलं, कप भरलेलाच राहू द्यायचा, निघताना संपवायचा. आणि तिकडे म्हणे कुणी काही दिलं की आधी दोन-तीनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. पंगतीत पानावर आडवा हात धरून जिलबी वाढून घेणाऱ्या आमच्या काकांना तिथे लगेच नागरिकत्व मिळालं असतं. त्याच चहात भाजलेल्या जवाचं पीठ कालवून गोळा करून खातात. तो मात्र घशाखाली उतरायला वेळ लागला.

काकूंची यादी वाचताना आमची आजी आठवली. तिच्याबरोबर काशीला निघालो तेव्हा खाऊ म्हणजे दशम्या. कणीक दुधात भिजवलेली, पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रवासात चालायच्या. पाणी घरचंच, फिरकीच्या तांब्यातलं. भुसावळला केळी घ्यायची, कारण फळाला काही होत नाही. स्टेशनवरच्या भज्यांचा वास डब्यात शिरला की मी तिच्याकडे बघायचे आणि ती खिडकीबाहेर. तिच्या पोटाचं म्हणाल, तर तिला दगडही पचला असता.

समोरच्या बाकावरच्या बाई डबा उघडून लाडू पुढे करायच्या. आजी गोड हसायची आणि विचारायची, "आपलं आडनाव काय म्हणालात?" आडनाव जमलं तर लाडू घ्यायची. नाही जमलं तर म्हणायची, "आज उपास आहे हो माझा." नुकत्याच आम्ही दोघींनी दशम्या खाल्लेल्या असायच्या.