गंगापूर ते नांदूरमध्यमेश्वर: गाळाच्या मागावर

नाशिकमध्ये पूर मोजायची खरी पट्टी म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या पायाशी आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, ही बातमी विसर्गाच्या क्युसेकमधल्या आकड्यांआधी सराफ बाजारात पोचलेली असते. २००८ आणि २०१६ चे पूर आजही लोक मारुतीच्या खुणेनेच सांगतात. या पावसाळ्यात मात्र माझं लक्ष पाण्याच्या उंचीपेक्षा त्याच्या रंगाकडे होतं. गंगा (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) तांबूस, दाट, डोंगराची माती पोटात घेऊन चालली होती. ही माती जाते कुठे आणि तिथे तिचं काय होतं, हे मला बरेच दिवस छळत होतं. निफाडकडे शेती करणारा माझा मामेभाऊ गाडी घेऊन आला आणि आम्ही वरच्या अंगापासून सुरुवात केली.

गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे गंगाव्हरे-सावरगावच्या बाजूने गेलो. त्र्यंबकच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता. नदी जलाशयात शिरते त्या टोकाला गढूळ पाणी जोरात येत होतं आणि थोडं पुढे येऊन एका रेषेवर नाहीसं होत होतं. रेषेच्या अलीकडे तपकिरी पाणी, पलीकडे हिरवट संथ पाणी. रेषेवर काड्या, पालापाचोळा आणि रिकाम्या बाटल्या अडकून जागच्या जागी डुलत होत्या.

"माती तिथेच बसली का गं खाली?" दादाने विचारलं.

बसली नव्हती, बुडी मारून पुढे निघाली होती. गाळ मिसळलेलं पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा जड असतं. त्यामुळे ते वरच्या पाण्यात न मिसळता खाली जातं आणि तळाच्या उतारावरून, जुन्या नदीपात्राच्या वाटेने, पाण्याखालची नदी होऊन वाहतं. फ्रान्स्वा फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने जिनिव्हा सरोवरात शिरणाऱ्या ऱ्होन नदीबद्दल हे १८८० च्या दशकातच लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेत हूवर धरण झालं, तेव्हा १९३५ च्या सुमारास एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जलाशयाचं वरचं पाणी नितळ आणि धरणाच्या दारांतून मात्र चिखलाचं पाणी बाहेर. लांबलचक जलाशयाच्या तळातून ते धरणापर्यंत सरकत आलं होतं.

समुद्रात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन आणि खंडान्त उतार शिकलो होतो ना, तीच जागा. नद्यांनी आणलेला गाळ समुद्रबूड जमिनीच्या कडेला साचत राहतो. मग कधी भूकंपाने, कधी मोठ्या वादळाने, कधी स्वतःच्याच वजनाने ती कड सुटते. आधी चिखलाची दरड सरकते. सरकताना तिच्यात पाणी मिसळत जातं, ती पातळ होते आणि तिचा गढूळ प्रवाह बनतो. तो समुद्राखालच्या घळयांतून शेकडो किलोमीटर खोल तळापर्यंत धावतो. वेग कमी झाला की गाळ बसतो. अशा बसलेल्या थराला टर्बिडाइट म्हणतात.

हा प्रवाह किती जोराचा असतो हे जगाला तुटलेल्या तारांनी शिकवलं. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्सजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या तारायंत्राच्या केबली तत्काळ तुटल्या. पण उतारावर खाली असलेल्या केबली नंतर एकापाठोपाठ एक तुटत गेल्या, शेवटची तर सुमारे तेरा तासांनी. जमिनीचा हादरा इतका रेंगाळत नाही. १९५२ मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळांचा अर्थ लावला: भूकंपाने सुटलेली दरड गढूळ प्रवाह होऊन केबली कापत पुढे गेली होती. त्यांनी काढलेला वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास होता, नंतरच्या संशोधकांनी तो ताशी ६५ ते ७० वर आणला. तोही समुद्राच्या तळाशी, अंधारात! त्या दरडीने उठलेल्या त्सुनामीत न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पंचवीसहून अधिक माणसं गेली.

मला या विषयाचं वेड लागलं ते अंदमानात. सावरकर आपल्या भगूरचे, त्यामुळे सेल्युलर जेल पाहायला नाशिकची माणसं आवर्जून जातात. तशीच मी गेले होते. तिथून जवळच कॉर्बिन्स कोव्हचा किनारा आहे. लोक नारळपाणी पिऊन परततात, पण कडेच्या खडकांकडे नीट पाहा. वाळूचा खडक, त्यावर चिखलाचा, पुन्हा वाळूचा, पुन्हा चिखलाचा, असे कललेले थर एकावर एक दिसतात. साधारण अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्रात बसलेले टर्बिडाइट भूपट्टांच्या रेट्याने वर येऊन आपल्या पायाशी उभे आहेत. एकेका थरात खाली भरड कण, वर जाल तसे बारीक. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घुसळून ठेवलं की हेच दिसतं, आधी वाळू बसते, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. डच भूशास्त्रज्ञ फिलिप कुएनेन यांनी प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये असे प्रवाह सोडून पाहिले आणि १९५० मध्ये इटलीच्या कार्लो मिल्योरिनी यांच्याबरोबर दाखवून दिलं की अशी रचना गढूळ प्रवाहांमुळे होते. त्याआधी खोल समुद्र म्हणजे शांत जागा, तिथे वाळू कुठून येणार, असंच धरून चालत. १९६२ मध्ये आर्नोल्ड बाउमा यांनी आग्नेय फ्रान्समधल्या खडकांवरून एका थराचे पाच भाग ठरवले: तळाशी भरड वाळू, मग सपाट रेघा, मग लहरींच्या खुणा, मग पुन्हा बारीक रेघा, आणि सगळ्यांत वर चिखल. जोरात आलेला प्रवाह मंदावत कसा थांबला, हे त्या वीतभर-हातभर थरात खालून वर वाचता येतं. मी त्या खडकाजवळ भरती येईपर्यंत बसले होते.

नाशिकच्या आसपास मात्र टर्बिडाइट शोधू नका. ब्रह्मगिरीच्या, अंजनेरीच्या पायऱ्या हुबेहूब थरांसारख्या दिसतात, पण ते लाव्ह्याचे थर आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेले. आपल्याकडे आहे ती कच्च्या मालाची खाण. तो कातळ झिजतो आणि गोदावरी त्याचा चुरा वाहून नेते.

रामकुंडावर फार थांबलो नाही. गर्दी होती आणि भूकही लागली होती. मिसळ खाऊन निफाडचा रस्ता धरला.

नांदूरमध्यमेश्वरला मात्र दुपार घालवली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला. त्यामागे गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. ज्या गाळाने बंधारा भरला, त्यानेच हे अभयारण्य घडवलं. पाणी ओसरलं की काठची माणसं उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. ती जमीन कशी पिकते ते दादाने तोंडभरून सांगितलं.

संगमाकडे पाहत मी त्याला मला सगळ्यांत आवडणारा पुरावा सांगितला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ, समुद्राखाली, अशाच घळया एकमेकींना मिळतात. तिथे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी उद्रेक झालेल्या मझामा ज्वालामुखीच्या राखेची खूण सापडते. त्या राखेनंतर वेगवेगळ्या घळयांमध्ये तेरा-तेरा टर्बिडाइट बसलेले आहेत. समज, गोदावरीला तेरा पूर आले आणि कादवेलाही तेरा, पण वेगवेगळ्या वर्षी. मग संगमाच्या खाली किती थर मिळतील?

"सव्वीस," दादा म्हणाला.

तिथे संगमाखाली मिळाले तेराच. म्हणजे सगळ्या घळयांमधल्या दरडी दर वेळी एकाच सुमारास सुटल्या होत्या. इतक्या लांबवरचे उतार एकदम हलवायला मोठा भूकंपच हवा. कॅनडाचे जॉन अ‍ॅडम्स यांनी १९९० मध्ये हा युक्तिवाद मांडला. त्यातला शेवटचा भूकंप २६ जानेवारी १७०० चा. त्याची तारीख जपानमधल्या त्सुनामीच्या नोंदींवरून ठरली, कारण अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. ज्या भूकंपांची नोंद कोणत्याच कागदावर नाही, ते चिखलातून मोजता आले, आणि त्यामुळे त्या अमेरिकी किनाऱ्यावरच्या शहरांना आपल्यापुढचा धोका कळला. प्रत्येक टर्बिडाइट भूकंपाचाच असतो असं नाही, पूर आणि वादळंही थर सोडतात. म्हणून तर संगमाची ही कसोटी इतकी मोलाची.

दादाचा पुढचा प्रश्न साहजिक होता, आपल्याकडे असं काही घडलंय का? घडलंय, आणि तेही आपल्या पश्चिमेला. सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचा खंडान्त उतार कोसळला. त्या दरडीला संशोधकांनी 'नटराज' नाव दिलंय. २०१५ मध्ये जॉइडीज रेझोल्यूशन या जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात छिद्रं घेतली, तेव्हा तिचे अवशेष थेट हाती आले. दरडीचं आकारमान सुमारे १९,००० घन किलोमीटर. सगळ्या महाराष्ट्रावर पसरली तर साठेक मीटर जाडीचा थर होईल! मी हा हिशोब मोबाइलवर दोनदा केला.

गोदावरी मात्र अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावून पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखापलीकडे, खोल पाण्यात, गढूळ प्रवाहांनी नेलेल्या वाळूच्या थरांत नैसर्गिक वायू साठला. २००२ मध्ये सापडलेलं कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं वायुक्षेत्र ते हेच. वाळूच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत वायू राहतो आणि वरचा चिखल झाकण होतो.

मला मात्र वायूपेक्षा चिखल जास्त खुणावतो. २००६ मध्ये गोदावरीच्या मुखासमोर, बाराशे मीटरहून खोल पाण्यातून चिखलाचा एक लांब नमुना काढला गेला. तो टर्बिडाइट नव्हे, सावकाश, कणाकणाने बसलेला चिखल आहे, म्हणूनच त्यात गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा सलग इतिहास वाचता आला. त्यात दिसलं की गेल्या चार हजार वर्षांत पाऊसमान घटलं, तरी दख्खनच्या कातळाची माती जास्त येऊ लागली. झाडोरा विरळ झाला आणि शेती वाढली, हे त्याचं कारण संशोधकांनी मांडलं. ते पहिले शेतकरी आपलेच. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीत आणि जोर्वे इथे उत्खनन करून त्या काळातल्या वस्त्यांचे अवशेष उजेडात आणले.

धरणातला गाळ आपण फक्त घटलेल्या साठ्याच्या टक्केवारीत मोजतो. ती मोजणी हवीच, नाशिकच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथे हे काम वर्षानुवर्षं चालतं. पण धरणात अडलेली माती समुद्रापर्यंत पोचत नाही, हेही त्याच हिशोबात मांडायला हवं. १९७० च्या दशकात गोदावरी समुद्राला जेवढा गाळ देत होती, त्याच्या निम्म्याहून कमी गाळ १९९० च्या दशकात जात होता, आणि आंध्रात तिच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा जागोजागी मागे हटतो आहे. चार हजार वर्षांपूर्वीची नांगरट ज्या चिखलात उमटली, त्याच्या वरच्या थरात आता गंगापूर आणि जायकवाडी उमटत आहेत.