निर्लेखनाच्या यादीतील चावडी

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. मोडकळीस आलेल्या सरकारी इमारतींची पाहणी करून निर्लेखनाचे, म्हणजे इमारत नोंदीतून कमी करून पाडण्याचे, प्रस्ताव तयार करणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग असून, रत्नागिरीच्या खेड तालुक्यातील एका गावच्या चावडीवर मी त्याच कामासाठी गेले होते. जांभ्याच्या भिंतींना तडे गेले होते, वाशांना वाळवी लागली होती, अर्धी कौले खाली आली होती. इमारत वाचवण्याजोगी राहिली नव्हती.

दर्शनी भिंतीचा गिलावा किती पोकळ झाला आहे हे हातोडीने ठोकून पाहत असताना एका ठिकाणी निराळा आवाज आला. चुन्याचे थर खरवडल्यावर आत संगमरवरी पाटी दिसली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसे गेली हे तिच्यावर इंग्रजीत कोरले होते आणि त्यांपैकी चौघांनी प्राण दिले, असे खाली लिहिले होते. अशा पाट्या पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्याकडच्या कितीतरी गावांत बसवल्या. सगळ्यांवरचा मजकूर जवळपास सारखाच असतो: गेले किती आणि मेले किती. नाव बहुधा कोणाचेच नसते.

पाटी निघाल्याची बातमी वाडीवाडीत पोचायला वेळ लागला नाही. दुपारी काठी टेकत एक आजी आल्या. मी मजकूर वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, त्या चारांतला एक आमच्या घरचा." त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांचा तो धाकटा भाऊ. आजींनी त्याला पाहिलेले असणे शक्यच नव्हते, परंतु त्याची विधवा, म्हणजे आजींची चुलत आजेसासू, आजी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हयात होती. ती तालुक्याला चालत जाऊन, अंगठा उठवून पेन्शन आणत असे. नवरा कोणत्या तिथीला गेला हे तिला कधीच कळले नाही. लढाईत गेला एवढेच ठाऊक असल्यामुळे पितृपक्षातल्या चतुर्दशीला, शस्त्राने मेलेल्यांच्या तिथीला, त्याचे पान वाढले जाई. ती प्रथा त्या घरात अजून चालू आहे.

मग आजींनी नातवाला घरी पाठवून देव्हाऱ्यातून एक वस्तू आणवली. पितळी ताटलीएवढी, पण हातात घेतल्यावर चांगलीच जड अशी ती कांशाची गोल चकती होती. तिच्यावर ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीची, आकृती व सिंह, कडेने 'तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला' अशा अर्थाची इंग्रजी ओळ, आणि एका चौकटीत उठावदार अक्षरांत त्या शिपायाचे नाव. ब्रिटिश साम्राज्याच्या, युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला अशी चकती पाठवण्यात आली होती. तिच्यावर हुद्दा मुद्दाम घातला जात नसे, कारण मरणात लहानमोठे मानू नये असे तेव्हा ठरले होते. ज्या शिपायाचा स्वतःचा देशच पारतंत्र्यात होता, त्याच्या घरी स्वातंत्र्यासाठी मेल्याचा दाखला यावा, ही गोष्ट वाचताना मला फार लागली.

त्या रात्री मी महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संगणकीय नोंदींमध्ये ते नाव शोधले. ते सापडले: शिपाई, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, बापाचे नाव, गाव, खेड, रत्नागिरी. मृत्यू १९१६ च्या उन्हाळ्यातला. साल आणि पलटण पाहिल्यावर बाकीचे समजायला वेळ लागला नाही. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या हाताखाली इराकमधील कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजा पोचू शकल्या नाहीत, आतले धान्य संपत गेले, घोड्याचे मांस खायला आपले शिपाई कितीतरी दिवस तयार होईनात, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसे कैद झाली. उपासमारीने खंगलेल्या त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि अनेकांना आताच्या सीरियातील रास-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामावर जुंपले. आमचा हा शिपाई त्या वाटेवर कुठेतरी गेला असावा.

त्याचे स्मारक इराकमध्येच बसरा येथे आहे. १९२९ मध्ये उभारलेल्या त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरलेली आहेत. हिंदी सैन्यातील मात्र केवळ अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि शिपायांचा पलटणीनुसार आकडा तेवढा दिला आहे. नावे माहीत नव्हती असे म्हणावे, तर नोंदवहीत गावासकट ती लिहिलेली होती. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवर तो आकड्यात मोजला गेला आणि आमच्या चावडीच्या भिंतीवरही. नावानिशी तो राहिला तो फक्त त्या देव्हाऱ्यात. एवढ्या वर्षांनंतरही मला याचा राग येतो आणि तो यावा असेच वाटते.

गावाच्या नावाने शोध घेतल्यावर आणखी दोन नोंदी मिळाल्या. त्यांपैकी एक १११ व्या महार पलटणीतील होती. ज्या समाजाची सैन्यभरती त्याआधी बंद करण्यात आली होती, त्याच्यातून ही पलटण युद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये उभारली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. बौद्धवाडीतील एका निवृत्त गुरुजींनी ते नाव ऐकताच, हे आपल्या पणजोबांचे भाऊ, असे सांगितले.

प्रस्तावात मी स्वतंत्र शेरा लिहिला की पाडकामापूर्वी पाटी अखंड काढून घ्यावी आणि नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवावी. त्या कामाची बाब अंदाजपत्रकातही धरली. नावांची वेगळी पाटी तिच्याखाली लावावी, असा ठराव ग्रामसभेने केला. हुद्दे लिहावेत की नाही, कोणत्या वाडीचे नाव आधी यावे, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी गुरुजींनी आजींच्या घरची चकती सर्वांना दाखवली आणि नुसती नावे, वर्णानुक्रमाने, असे ठरले.

चौथे नाव अजून मिळालेले नाही. तो आगबोटीवर खलाशी होता, असे गावातील दोघातिघांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या हिंदी खलाशांचे स्मारक आहे आणि तिथे नावे दिलेली आहेत. ती पाहण्याच्या परवानगीसाठी सरपंचांच्या सहीचे पत्र पाठवले असून, तोवर नव्या पाटीवर चौथ्या ओळीची जागा मोकळी ठेवण्यास कारागिराला सांगितले आहे.