ज्वारीने दोषी ठरवले

सोमवारी दुपारी पर्स जेवणाच्या टेबलावर उपडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वूबर्नच्या कोर्टात हजर व्हायचं होतं (स्पेलिंग वाचून वोबर्न म्हणाल तर इथले लोक दुरुस्त करतात), आणि दारात मेटल डिटेक्टर असणार. निघालं काय? अकरा सेफ्टी पिना, त्यातल्या चार आईच्या पद्धतीने एकीत एक अडकवलेल्या. नेलकटर. सुपारीची रिकामी डबी. आणि गेल्या गणपतीतल्या खिरापतीची पुडी, खोबरं पार खवट झालेलं.

बोलावणं ज्युरी ड्युटीचं, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या साध्या नागरिकांत जाऊन बसायचं. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्युरीची यादी गावोगावच्या वार्षिक शिरगणतीवरून काढतात, त्यामुळे मी नागरिक नव्हते तेव्हाही दोनदा पत्र आलं होतं. दोन्ही वेळा ‘नागरिक नाही’वर खूण केली आणि सुटले. मग बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये हात वर करून शपथ घेतली. आता ती चौकट माझ्या कामाची राहिली नाही.

आईला फोनवर सांगितलं, तर आधी शांतता.

“कोर्टाचं? काय केलंस गं तू?”

“मी काही नाही केलं. दुसऱ्या कुणी केलंय का, ते मी सांगायचं.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

काही न कळणं हीच इथली पात्रता आहे, हे तिला पटेना. आमचे बाबा एकदा शेजारच्या चोरीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करून आले आणि पुढे कित्येक वर्षं तारखांना जात राहिले, त्यामुळे कोर्टाच्या पायरीबद्दल तिचं मत पक्कं आहे. मी म्हटलं, इथे ‘एक दिवस किंवा एक खटला’ असा नियम आहे, बहुतेक जण संध्याकाळी घरी. पहिले तीन दिवस कंपनीचा पगार चालू, चौथ्या दिवसापासून सरकार रोज पन्नास डॉलर देतं.

“म्हणजे नानावटीला सोडला, तसली ज्युरी?” आईने विचारलं. १९५९ साली नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तेव्हा आई चौदा वर्षांची होती, तिला सगळं पाठ. नऊपैकी आठ जणांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, हायकोर्टाने जन्मठेप दिली. आपल्याकडे ज्युरी गेली ती त्या खटल्यामुळे, असं आई म्हणते. कायद्यातून ज्युरीचं नाव पुसलं गेलं ते १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, पण हे आईला कोण सांगणार.

मला मात्र ज्युरी म्हटलं की ज्वारीच आठवते.

बार्शी, चौथी, एक ऑगस्ट. पुठ्ठ्याची पगडी, तिला लाल क्रेप कागद, काजळाच्या मिशा. शाळेत पोचेपर्यंत पावसाने पगडीचा रंग कपाळावर उतरला होता. टिळकांचं ते सुप्रसिद्ध वाक्य मला म्हणायचं होतं, जे मुंबई हायकोर्टात पाटीवर कोरून लावलंय. मी दोन्ही हात मागे बांधले आणि गरजले, “ज्वारीने मला दोषी ठरवले असले, तरी मी निर्दोष आहे!” बाई पडद्याआडून “ज्युरी, ज्युरी” करत होत्या. मला वाटलं आवाज कमी पडला. म्हणून आणखी मोठ्याने, “ज्वारीने!”

बार्शीच्या मुलीला ज्युरी कुठून माहीत असणार? माझ्या डोळ्यांसमोर खरोखर नऊ कणसं ओळीने उभी होती, माना हलवणारी. तरी दुसरा नंबर आला. स्टीलची वाटी मिळाली, कडेला टिंबटिंबांनी ‘द्वितीय क्रमांक’ कोरलेली. ती इथपर्यंत आलीय, फोडणीच्या मोहरीसाठी वापरते.

फॉर्म भरायला घेतला. शिक्षण, नोकरी, नवऱ्याची नोकरी, नात्यात कुणी पोलीस? मग एक प्रश्न असा, की निःपक्षपाती राहण्यात अडथळा येईल असं तुमच्या अनुभवात किंवा समजुतींत काही आहे का? उत्तराला जागा दोन ओळींची. दोन ओळींत कसं बसवू? लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्याला मी उलटतपासणीशिवाय दोषी धरते. ‘खरं सांगू का’ अशी सुरुवात करणारा त्याआधी काय सांगत होता, असं मला हमखास वाटतं. एका नणंदेचा निकाल तर मी लग्नाच्या पंगतीतच देऊन टाकलाय, ती अजून अपिलात आहे.

पेन हातात धरून बसले, आणि पुन्हा ती कणसं.

टिळकांच्या १९०८च्या खटल्यातल्या त्या ज्युरीत सात युरोपियन होते आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. म्हणजे ‘ज्वारीने’ म्हणून मी जिच्यावर गरजले, तिच्यातले दोघे ‘निर्दोष’ म्हणाले होते. आमच्या भाषणात ते दोघे नव्हतेच. बाईंनी लिहून दिलेल्या कागदावर नव्हते, आणि नंतर मीही कधी चौकशी केली नाही. निकाल लागला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. त्याआधी तास-सव्वा तास ते दोघे त्या सात जणांबरोबर बंद खोलीत बसले होते. काय बोलले असतील? की बोललेच नसतील, नुसतं नाही म्हणत राहिले असतील?

संध्याकाळी वेबसाइटवर माझा नंबर घालून पाहिला. या म्हणतायत.

मोहरी डब्यात ओतली, वाटी पुसली आणि अकराच्या अकरा पिना तिच्यात टाकल्या. फॉर्मवरच्या त्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत.